जुलैतलं जळगाव आणि मे महिन्यातलं जळगाव

परदेशातून कायमची परतलेली माणसं करसल्लागाराकडे येतात ती एकच प्रश्न घेऊन: आता टॅक्स किती बसणार? त्याचं उत्तर बहुतेक वेळा एका बैठकीत देता येतं. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं, कारण उत्तर मिळाल्यावरही हे कुटुंब आमच्या ऑफिसात येत राहिलं. आधी मोठा भाऊ, मग धाकटा एकटाच, मग मोठ्याची बायको. प्रत्येकाच्या हातात कागद असायचा आणि प्रत्येकाचं दुखणं कागदाबाहेरचं असायचं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावं दिलेली नाहीत.

कुटुंब

गृहस्थ अमळनेर तालुक्यातले, बोरीकाठच्या एका गावचे. जळगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केला, काही वर्षं पुण्यात काढली आणि २००८ मध्ये शारजा गाठलं. काम सेंट्रल एसीचं. शेवटच्या काळात दुबईतल्या मोठाल्या इमारतींच्या देखभालीचे सुपरवायझर होते. भाडं कमी म्हणून राहणं शारजात आणि नोकरी दुबईत, म्हणजे दोन्ही वेळा अल इत्तिहाद रस्त्यावरची गर्दी ठरलेली. पत्नी माहेरची धुळ्याची, बी.एड. झालेली, तिकडच्या भारतीय शाळेत शिक्षिका. मुलगी आणि मुलगा तिकडेच जन्मले, पण पासपोर्ट भारतीय. आखातात कितीही वर्षं काढा, नोकरी आहे तोवर व्हिसा, व्हिसा आहे तोवर मुक्काम. तिथून परत यायचं हे ठरलेलंच असतं, कधी एवढंच ठरवायचं असतं.

वडील २०१९ मध्ये गेले. आईने सत्तरी ओलांडलेली. शाळेची फी दरवर्षी वाढत होती. मार्चमध्ये तिकडचं शैक्षणिक वर्ष संपलं आणि एप्रिल २०२४ च्या पहिल्या आठवड्यात चौघं जळगावला उतरले. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत जाणार होता.

महाबळ भागात वडिलांच्या नावचं दुमजली घर. खाली आई, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दोन मुलं. वरचा मजला २०१६ मध्ये शारजाच्या पैशातून बांधलेला, वर्षातले अकरा महिने कुलपात. धाकट्याचं ठिबकच्या साहित्याचं छोटं दुकान आहे, आणि गावची शेतीही तोच बघतो.

कागदांचं लवकर उरकलं

हा भाग सोपा होता, कारण त्याला नियम आहेत. गृहस्थ वर्षानुवर्षं अनिवासी होते. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी असणाऱ्याला परतल्यावर लगेच पूर्ण रहिवासी धरत नाहीत. मधला एक दर्जा मिळतो, ज्यात परदेशात मिळालेल्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही. त्यांच्या बाबतीत २०२४-२५ आणि २०२५-२६ ही दोन वर्षं त्यात बसत होती. नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी त्यांनी तिकडच्याच खात्यात घेतली होती, तेही बरं झालं. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा आणि पुढे ३० दिवसांचा मूळ पगार, असा तिचा हिशोब असतो. सोळा वर्षांची रक्कम सांगण्यासारखी झाली होती.

इथे एक गोष्ट लोक हमखास चुकवतात, ती सांगून टाकतो. हा मधला दर्जा मिळाला म्हणजे एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, ठेवींचं व्याज करमुक्त राहिलं, असं समजून बँकेला काही कळवतच नाहीत. ते व्याज आयकरातल्या दर्जावर अवलंबून नाही, परकीय चलन कायद्यावर आहे, आणि त्या कायद्याने माणूस कायमचं राहायला आला त्या दिवसापासून रहिवासी होतो. बँकेला सांगायचं, एनआरई खातं साध्या खात्यात बदलून घ्यायचं. परकीय चलनातच पैसा ठेवायचा असेल तर रहिवाशांसाठीचं आरएफसी खातं असतं, त्यात वळवायचा. त्या खात्यातल्या ठेवींचं व्याज मधला दर्जा असेपर्यंत करमुक्त राहतं. गृहस्थांनी हे सगळं त्याच महिन्यात केलं. शिस्तीचा माणूस.

आरोग्य विम्याचं मात्र राहून गेलं होतं. तिकडे कंपनीचा विमा, म्हणून इथे पॉलिसी घेतलीच नाही, आणि येताना सोबत मधुमेह. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आलाय, पूर्वी चार होता. तरी ती तीन वर्षं उघडीच. परतायच्या तीन-चार वर्षं आधी इथली पॉलिसी काढून ठेवा, हे मी आखातात जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. फार थोडे ऐकतात.

जुलैचे पाहुणे

आता मुद्द्याचं. अमिरातीत शाळांना उन्हाळ्याची सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. नोकरदाराला वर्षाची तीस दिवसांची रजा, ती त्याच सुट्टीला जोडून. म्हणजे सोळा वर्षं हे कुटुंब जळगावला आलं ते पावसाळ्यात. गाडीतून उतरलं की गारवा. मेहरूणचा तलाव भरत आलेला, शेतं हिरवी, कापूस गुडघ्याला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची देवी कानबाई बसते, तिचे रोट सगळ्या भाऊबंदकीत होतात, त्यालाही हजर. सगळे काका, चुलतभाऊ, आते, मामे तिथे भेटायचे. कधी भरीत-पुरीचा बेत, कधी शेवभाजी, कळण्याची भाकरी, निघताना पापडांचं एक मोठं पोतं. शारजाला परतल्यावर वर्षभर जळगाव म्हणजे हेच.

या जळगावमागे कोणीतरी राबत असतं. पाहुणे यायच्या आधी धाकट्याची बायको वरचा मजला झाडून-पुसून घ्यायची, गाद्यांना ऊन द्यायची, टाकी भरून ठेवायची. धाकटा स्टेशनवर गाडी घेऊन उभा. गॅस नोंदवलेला, दूधवाल्याला वाढीव दूध सांगितलेलं, सातबाऱ्याचा उतारा लागला तर आणून ठेवलेला. सोळा वर्षांत मोठ्या भावाला तलाठ्याकडे एकदाही जावं लागलं नाही. त्याला वाटायचं, आपलं गाव किती सोपं आहे.

एप्रिलमध्ये आलेलं हे कुटुंब जळगावचा मे महिना सोळा वर्षांत पहिल्यांदाच बघत होतं. पारा ४४-४५ ला टेकतो, दुपारी बारा ते चार रस्ते ओस, आणि बारीक-बारीक कारणांवरून माणसं एकमेकांवर खेकसतात. शारजातही उकाडा काही कमी नसतो, पण तो गाडी आणि दारामधल्या पाच मिनिटांत भोगायचा असतो.

टाकी

गृहस्थांनी वर तीन एसी लावले. घराचा मंजूर वीजभार वडिलांच्या काळातला. दुसरा एसी सुरू झाला की खालचे पंखे मंदावायचे, तिसऱ्याला एमसीबी पडायचा. वाढीव भाराचा अर्ज केला, त्याला वेळ लागणार होता. मग आयुष्यभर सेंट्रल एसी सांभाळलेला माणूस मुकाट्याने दोन डेझर्ट कूलर घेऊन आला. ते बरोबरच होतं. खानदेशची हवा मे महिन्यात इतकी कोरडी असते की वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळीतून आलेला वारा एसीला भारी पडतो. ओल्या जुलैत तोच कूलर नुसता दमटपणा वाढवतो. म्हणून तर इतक्या सुट्ट्यांमध्ये त्यांनी या घरात कूलर चालू असलेला कधी पाहिलाच नव्हता.

पण कूलर पाणी पितो, आणि नळ इथे रोज येत नाही. पाण्याच्या दिवशी खालच्या हौदात पाणी घ्यायचं, मग मोटार लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, आणि पुढचा पाण्याचा दिवस येईपर्यंत पुरवायचं. हे गणित धाकट्याच्या बायकोच्या डोक्यात पक्कं होतं: कपडे कोणत्या दिवशी, फरशी कोणत्या दिवशी, कूलरमध्ये किती बादल्या. वर चार माणसं आणि दोन कूलर वाढले आणि गणित कोलमडलं. एका संध्याकाळी टाकी रिकामी, वर शॉवर चालू, खाली आजींच्या मोरीत थेंब नाही. धाकटी जिन्यातून वर गेली आणि म्हणाली, "ताई, पाणी परवा येईल." एवढंच. मोठी बाहेर आली, ओले केस, म्हणाली, "मग टँकर मागवू ना, पैसे आम्ही देतो."

मला हे दोघींनीही सांगितलं, वेगवेगळं. मोठीच्या मते तिने मदत करायची म्हटलं होतं. धाकटीच्या मते तिच्या तोंडावर पैसे फेकले होते. माझ्या मते दोघी खरं बोलत होत्या. जुलैत हाच संवाद झाला असता तर धाकटी हसून म्हणाली असती, "राहू द्या ताई, होईल काहीतरी." पाहुण्याला असंच म्हणायचं असतं. पण आता हे पाहुणे नव्हते, आणि घरचेही अजून झाले नव्हते.

आखाजी

त्या वर्षी अक्षय्यतृतीया १० मे रोजी होती. आमच्याकडे ती आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरतात. आणि आखाजीलाच शेतीचं साल बदलतं: सालदाराचा, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचा, जुना हिशोब मिटतो, नवा ठरतो, उचल किती, धान्य किती, कोणतं शेत बटाईने द्यायचं, कुठे कापूस, कुठे मका. वर्षाचे सगळे निर्णय या आठ-दहा दिवसांत होतात. कानबाईला भाऊबंदकी भेटते, पण शेतीचं काय ते आखाजीलाच ठरतं. मोठा भाऊ सोळा वर्षं कानबाईला होता आणि एकदाही आखाजीला नव्हता. या प्रकरणाची चावी मला तिथे दिसते.

गावच्या घराच्या ओट्यावर सालदार आला. बारा वर्षांपासूनचा माणूस. चहा झाला. धाकट्याने आकडा सांगितला, तो दोघांत आधीच ठरलेला होता, बैठक नुसती रिवाजाची. मोठ्याने विचारलं, "एवढे? मागच्या सालाला किती होते? उचलीचा हिशोब लिहिलेला आहे का?" प्रश्न वाकडे नव्हते. दुबईत त्याच्या हाताखाली साठ माणसं होती, प्रत्येकाची हजेरी कागदावर. पण सालदाराने कप खाली ठेवला, धाकट्याकडे बघितलं, आणि मोठ्याला विचारलं, "भाऊ, तुमी कवय जाशात?" म्हणजे, तुम्ही कधी जाणार?

पाहुण्याला प्रत्येक सुट्टीत प्रत्येक जण विचारायचा तोच प्रश्न. त्या दिवशी त्याचा अर्थ असा होता, की तुम्ही जाल, मला याच्याशी निभवायचंय. आखाजीसाठी आलेली बहीण दारात उभी राहून सगळं ऐकत होती. जेवणं न बोलता झाली.

दोन दिवसांनी धाकटा एकटाच ऑफिसात आला. कागद होता खताच्या बिलाचा, बोलणं दुसरंच. "साहेब, दादा चुकीचा नाही. पण तो हिशोब मागतो, आणि मी सोळा वर्षं हिशोब ठेवला नाही. आईच्या ऑपरेशनला कोण जागलं, बापाला मुंबईला कोण नेलं, ते कुठल्या वहीत लिहू?" मग थोडं थांबून: "आणि त्याने पाठवलेले पैसे मी खाल्ले असं त्याला वाटतं का, ते विचारून सांगा." मी विचारलं नाही. ते माझं काम नव्हे. पण जमिनीच्या कागदाशी येऊन ठेपलो तेव्हा ते आपोआप बाहेर आलं.

परदेशातून परतणाऱ्यांच्या मनाचा अभ्यास समाजशास्त्रात जुना आहे. आल्फ्रेड शुट्झ यांनी १९४५ मध्ये घरी परतणाऱ्या माणसावर एक निबंध लिहिला. युद्धावरून परतलेला सैनिक डोळ्यांसमोर होता. घर सोडताना जसं होतं तसंच ते थांबून राहिलंय असं परतणारा धरून चालतो, आणि घरच्यांनाही तो गेला तसाच आलाय असं वाटतं, हा त्यातला गाभा. पुढे १९६३ मध्ये गलहॉर्न दांपत्याने परतीनंतरच्या चढउताराचा W अक्षरासारखा दुहेरी वक्र मांडला: परक्या देशात एकदा खाली जायचं, सावरायचं, आणि घरी आल्यावर परत एकदा. नंतरच्या संशोधकांनी त्या सुबक वक्रावर शंका घेतल्या, आणि मलाही तो फारच सरळ वाटतो. आखातातल्या माणसाचं वेगळंच असतं. तो दरवर्षी येतो, म्हणून आपण कधी गेलोच नाही असं त्याला वाटतं. अमेरिकेत दहा वर्षं अडकून पडलेला माणूस निदान आपल्याला काही माहीत नाही एवढं तरी कबूल करतो.

चार एकर

२०१५ मध्ये वडिलोपार्जित शेताला लागून चार एकर विकायला निघाले होते. पैसे शारजाहून आले, बँकेतून, धाकट्याच्या खात्यात. खरेदीखत धाकट्याच्या नावावर. कारण साधं होतं: अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आली तर ठेवता येते. मोठा मात्र तेव्हापासून ते शेत "माझं" म्हणत आला. आता त्याला ते नावावर हवं होतं, आणि त्यासाठी मी एक साधा कागद करून द्यावा अशी अपेक्षा होती: पैसे माझे, नाव भावाचं, म्हणून मालकी माझी.

मी म्हटलं, हा कागद करू नका. असा कागद म्हणजे बेनामी व्यवहाराची आपल्या सहीची कबुली. १९८८ च्या बेनामी कायद्यात २०१६ मध्ये मोठे बदल झाले. भावाच्या नावे घेतलेली मालमत्ता त्यातून सुटते ती पैसे देणाऱ्याचंही नाव कागदावर सहमालक म्हणून असेल तर. इथे नव्हतं, आणि अनिवासी असताना असूही शकत नव्हतं. सिद्ध झालं तर जमीन जप्त होण्याची भीती, आणि या बदलांनंतरच्या व्यवहारांना तर एक ते सात वर्षं कैद आणि बाजारभावाच्या पाव हिश्शापर्यंत दंड. उलट बाजू अशी, की भावाने भावाला दिलेली भेट आयकरात करमुक्त आहे. बँकेच्या नोंदी घरखर्चाच्या नावाने होत्या. म्हणजे कायद्याच्या नजरेत सरळ अर्थ एकच निघत होता: मोठ्याने पैसे दिले, धाकट्याने जमीन घेतली, जमीन धाकट्याची.

हे ऐकून मोठा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी सोळा वर्षं काय केलं?" त्यावर मी जे म्हटलं त्यापेक्षा त्याच्या बहिणीने पुढे घरात जे केलं ते कामाला आलं. वडिलांच्या मागे वारस नोंद झाली होती, सातबाऱ्यावर आई, दोन भाऊ आणि बहीण चौघांची नावं होती. दोन्ही भाऊ धरून चालले होते की बहीण हक्कसोड करून देईल. आमच्याकडे बहिणी देतातच, साडी-चोळीवर. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मतःच असल्याचं स्पष्ट केलं, तरीही देतात. ही म्हणाली, "मी सही करते, पण आधी तुमचं ठरवा. चार एकर धाकट्याकडे राहू द्या. त्याच्या बदल्यात बापाच्या जमिनीतलं विहिरीकडचं शेत दादाचं. आणि माझा हिस्सा मी आईच्या हयातीत सोडणार नाही." मला ते फार शहाणपणाचं वाटलं. शेवटची अट तर सर्वांत जास्त. वाटणीचा अर्ज त्या हिशोबाने गेला. बक्षीसपत्राने चार एकर फिरवायचा विचारही निघाला होता. पण नवरा-बायको, मुलं-नातवंडं यांना शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांकात जी नाममात्र सवलत आहे ती भावाला नाही, त्याच्यासाठी टक्क्याने पैसे मोजावे लागतात. तो खर्च करण्यात अर्थ नव्हता.

वेगळी चूल

स्वयंपाकघराचं भांडण जमिनीच्या आधी मिटलं, आणि तेही सर्वांना नको असलेल्या मार्गाने. दिवाळीच्या सुमारास वर गॅस आला. आमच्याकडे वेगळी चूल म्हणजे घर फुटलं, असं आजही बोललं जातं. आई आठ दिवस नीट जेवल्या नाहीत. पण एक चूल असताना थोरली सून बारा वाजता वरून खाली यायची तेव्हा भाजी झालेली असायची, भांडी उरलेली असायची, आणि कुणी काहीच बोलायचं नाही. सुट्टीत तिने बसून खाल्लं त्यात गैर नव्हतं. पण कुठल्या दिवसापासून उठायचं, हे तिला कोणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. दोन चुली झाल्यावर देवाणघेवाण सुरू झाली. वाटी खालून वर, डबा वरून खाली. आई सकाळी खाली जेवतात, रात्री वर. टँकरचे पैसे कोण देतं, तेही आता दोघींत ठरलेलं आहे. परतणाऱ्या कुटुंबांना मी हल्ली पहिल्याच भेटीत सांगतो, की स्वयंपाकघर पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा, प्रेम टिकतं. यावर सासवा माझ्यावर रागावतात.

थोरलीचं स्वतःचं दुखणं त्यात विरघळलं नाही. शारजात ती स्वतः गाडी चालवून शाळेत जायची. तिकडचं लायसन्स मिळवणं म्हणजे कठीण परीक्षा, ती पास झालेली बाई. इथलं जुनं लायसन्स संपून वर्ष उलटलेलं, म्हणून नियमाने परत चाचणी. त्यात तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं, इथे डाव्या. आकाशवाणी चौकात पहिल्यांदा वळताना हात आपोआप चुकीच्या बाजूला गेला आणि मागून हॉर्नचा कल्लोळ. तेव्हापासून बरेच महिने नवऱ्याच्या मागे स्कूटरवर. नोकरी मिळाली, पण पगार शारजाच्या मानाने सांगायला लाज वाटावी असा. तिने मला विचारलं होतं, की हा पगार दाखवायचा तर विवरणपत्र भरावं लागेल का. लागणार नव्हतं.

मुलं

मुलगा सहा महिन्यांत आजीचा झाला. शाळेत मराठीच्या पुस्तकाशी झटापट, कारण महाराष्ट्राच्या २०२० च्या कायद्याने सीबीएसई शाळेतही मराठी आलंच. घरी मात्र आजीकडून अहिराणी इतकी चोख शिकला की काकाच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतो. मराठीच्या पेपरात "आला" च्या जागी "उना" लिहिलं, बाईंनी लाल रेघ मारली.

मुलीचं तसं झालं नाही. नववीत मैत्रिणींचे गट आधीच जमलेले असतात. तिला घरात सगळे "आता आलीस ना आपल्या गावी" म्हणायचे. एकदा ती आईला म्हणाली, "तुम्ही परत आलात. मी नाही परत आले, मी पहिल्यांदा आले." आईने हे मला सांगितलं तेव्हा तिच्याकडे त्यावर उत्तर नव्हतं, आणि मी तर आकडेमोडीचा माणूस. दहावीनंतर ती पुण्याला जाणार आहे. हे यश की अपयश, याबद्दल घरात दोन मतं आहेत.

काम

पहिले आठ महिने गृहस्थ घरी होते. दुबईवाला म्हणून लग्नाच्या पत्रिकांचा ढीग, प्रत्येक आहेराला मोठा आकडा अपेक्षित. उसने मागणारे तीन जण, दोघांना दिले, आले नाहीत. एका नातेवाइकाबरोबर एसीचं दुकान काढायचं जवळजवळ ठरलं होतं. ते मोडलं, बरं झालं.

मार्ग निघाला तो केळीतून. रावेर-सावदा पट्ट्यात निर्यातीसाठी पॅकहाऊस आणि पिकवण्याच्या शीतखोल्या वाढल्या आहेत. हिरवी केळी १३-१४ अंशांना ठेवायची असते. त्याखाली गेली की साल काळवंडते, वर गेली की वाटेतच पिकते. पिकवताना इथिलीन सोडून साधारण १६ ते १८ अंश आणि ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता धरावी लागते. मे महिन्यात बाहेर ४५ असताना आत अंश-दोन अंशांच्या फरकावर सगळा माल अवलंबून. दुबईतल्या मनोऱ्यांत हा माणूस नेमकं हेच करत होता, फक्त आत केळीऐवजी बँका होत्या. आता तीन-चार ठिकाणची देखभाल त्याच्याकडे आहे. पैसे शारजाच्या तिसऱ्या हिश्शाइतके. त्यातला बराच माल आखातात जातो, याची त्याला गंमत वाटते.

त्याहून मोठा फरक असा, की त्याला आता फोन येतात ते कामाचे. कंप्रेसर बंद पडला की रात्री दोनला सावद्याहून फोन. २०२५ मध्ये एप्रिलच्या शेवटी, हंगामाच्या ऐन गर्दीत आखाजी होती. ओट्यावरच्या बैठकीला तो गेला, पण आकडा धाकट्यालाच बोलू दिला. विहिरीकडच्या शेताचा सालदार मात्र त्याने स्वतः ठरवला, आणि उचल जास्तच दिली, असं धाकट्याचं म्हणणं आहे.

सध्याची स्थिती

फाइल चालू आहे. वाटणीचा फेरफार मंजूर झाला, सातबारा वेगळा निघाला. वाढीव वीजभार मिळाला, तरी मे महिन्यात वर कूलरच चालतो. मधल्या दर्जाची दोन वर्षं मार्च २०२६ ला संपतात आणि एप्रिलपासून नवा आयकर कायदा लागू होतो. दर्जाचे नियम त्यातही तेच आहेत. त्या वर्षापासून गृहस्थ पूर्ण रहिवासी, म्हणजे जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न इथल्या विवरणपत्रात दाखवायचं आणि परदेशातल्या मालमत्तेचा तक्ताही भरायचा. शारजाच्या बँकेतलं एक खातं त्यांनी अजून बंद केलेलं नाही. "राहू दे, कधी लागलं तर," म्हणतात. रक्कम किरकोळ आहे. मी त्या खात्याचा उतारा मार्चअखेर आणायला सांगितलं आहे, आणि पत्नीच्या नावे तिकडे काही उरलंय का तेही विचारून ठेवलं आहे.